धसका आणि संप्रेरके : एक प्रस्तावना

कोणतीही आपत्ती कोसळली, की तिच्या मागोमाग गावात तलाठी येतो, पंच जमतात, पंचनामा होतो, आणि किती खण घर पडले, किती जनावरे दगावली, किती एकरांवरील उभे पीक आडवे झाले याचा तपशील रीतसर कागदावर चढून तहसील कचेरीत रुजू होतो. परंतु त्याच घरातील चौदा वर्षांची मुलगी त्या रात्रीपासून झोपत नाही, दाराची कडी वाजली तरी तिचे सर्वांग ताठरते, आणि कालपर्यंत तोंडपाठ असलेली कविता वर्गात उभी राहिल्यावर तिला आठवत नाही, ही गोष्ट लिहिण्यास त्या छापील नमुन्यात रकाना नाही. यात सरकारी यंत्रणेचा काही विशेष दोष आहे असे मला म्हणावयाचे नाही, कारण हा रकाना आपल्या घरांतूनही नाही. आमच्या नगर जिल्ह्यात (कागदोपत्री तो आता अहिल्यानगर झाला असला, तरी पाथर्डीच्या स्टँडवर कंडक्टर अद्याप ‘नगर, नगर’ असेच ओरडतो) अशा मुलीविषयी आजी प्रथम म्हणते, ‘पोरीनं धसका घेतलाय, जाईल हळूहळू’. पंधरवडा लोटला की शेजारीण सुचविते, ‘बाहेरचं काही आहे का ते बघा’. मग मोहट्याला किंवा मढीला जाऊन नवस बोलला जातो. आणि एवढ्यानेही फरक पडला नाही, तर ‘नाटकं करते’ येथून निघालेली मजल ‘लग्न उरकून टाका, विसरून जाईल’ येथे येऊन थांबते.

या चार वाक्यांपैकी पहिले बव्हंशी खरे आहे, हे आरंभीच सांगून टाकणे न्यायाचे होईल. भयंकर प्रसंगातून गेलेली बहुतेक मुले काही आठवड्यांत, फार तर काही महिन्यांत, आपल्या आपण सावरतात. निरनिराळ्या देशांतील पाहण्या एकत्र करून २०१४ साली जे विश्लेषण प्रसिद्ध झाले, त्याप्रमाणे अशा मुलांपैकी शेकडा सोळांच्या आसपास मुलांना आघातोत्तर तणावविकार जडतो. मात्र ही सरासरी फसवी आहे. अपघात किंवा नैसर्गिक आपत्ती सोसलेल्या मुलग्यांत हे प्रमाण शेकडा आठाच्या घरात राहते, आणि दुसऱ्या माणसाने बुद्धिपुरस्सर केलेला अत्याचार सोसलेल्या मुलींत ते शेकडा तेहतिसांपर्यंत चढते. म्हणजे भिंत अंगावर पडणे आणि माणूस अंगावर येणे या दोन गोष्टी शरीर निरनिराळ्या धरते. आजीचे ‘जाईल हळूहळू’ ज्या मुलीच्या बाबतीत खोटे ठरण्याचा संभव सर्वांत अधिक, तीच नेमकी घरात सर्वांत कमी बोलते, आणि पुढील प्रकरणांचा विषय मुख्यतः तीच आहे.

या विकाराला वैद्यकाच्या दप्तरात स्वतंत्र नाव मिळाले ते १९८० साली, अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या वर्गीकरणाच्या तिसऱ्या आवृत्तीत, आणि तेही प्रामुख्याने व्हिएतनामहून परतलेल्या सैनिकांच्या निमित्ताने. घडलेला प्रसंग स्वप्नात किंवा जागेपणी अनाहूतपणे पुन्हा अनुभवास येणे, त्याची आठवण देणारी वाट, वस्तू आणि माणसे टाळणे, स्वतःविषयी व जगाविषयी मन काळवंडून जाणे, आणि अष्टौप्रहर सावध राहणे, अशी चतुर्विध लक्षणे महिन्याहून अधिक काळ टिकली, म्हणजे हे निदान करतात. परंतु भयाच्या शरीरशास्त्राचा इतिहास याहून बराच जुना आहे. अधिवृक्क ग्रंथीतून अ‍ॅड्रेनॅलिन वेगळे काढण्याचे काम जोकिची ताकामिने या जपानी रसायनज्ञाने १९०१ च्या सुमारास केले. वॉल्टर कॅनन यांनी १९१५ मध्ये लढण्या-पळण्याच्या शारीरिक सिद्धतेचे प्रसिद्ध विवेचन केले. आणि हान्स सेल्ये यांनी १९३६ साली, उंदरांना निरनिराळ्या प्रकारे छळले तरी त्यांची शरीरे एकाच ठरावीक रीतीने झिजतात, हे अवघ्या एका पानाच्या टिपणात मांडून ताण ही कल्पना जीवशास्त्रात रूढ करण्याचा पाया घातला.

भयाचा प्रसंग समोर उभा राहताच मज्जातंतूंच्या मार्गे हुकूम सुटतो, मूत्रपिंडांच्या माथ्यावर बसलेल्या अधिवृक्क ग्रंथींच्या गाभ्यातून अ‍ॅड्रेनॅलिन रक्तात उतरते, तंतूंच्या टोकांशी नॉरअ‍ॅड्रेनॅलिन स्रवते, नाडी धावू लागते, बाहुल्या विस्फारतात, आणि पोटाकडील रक्त हातापायांकडे वळते. हे सारे काही क्षणांत. दुसरी यंत्रणा तिच्या मागून, मिनिटांच्या गतीने चालते: मेंदूच्या तळाशी असलेल्या अधश्चेतकाने पीयूषिका ग्रंथीला खबर द्यावी, पीयूषिकेने रक्तावाटे ती अधिवृक्क ग्रंथीच्या बाहेरील थरास पोचवावी, आणि त्या थराने कॉर्टिसॉल हे संप्रेरक सोडावे, असा तिचा तीन पायऱ्यांचा कारभार आहे. कॉर्टिसॉल म्हणजे ताणाचे विष, असा एक समज अलीकडे आरोग्यविषयक सदरांनी पसरविला आहे; तो अर्धाच खरा आहे. अ‍ॅलन मंक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८४ मध्ये साधार मांडले, की शरीराची संरक्षक धावपळ शरीरावरच उलटू नये म्हणून तिला वेळीच आवर घालणे हे कॉर्टिसॉलचे एक मुख्य काम होय. पाटाला पाणी सुटल्यावर ते शेवटच्या सरीपर्यंत पोचताच दारे मोडून ते फिरविणारा माणूस जागेवर नसेल, तर ज्या पाण्याने ऊस पोसायचा त्याच पाण्याने बांध फुटतो, हे प्रवरेच्या काठच्या वाचकांस समजावून सांगण्याची आवश्यकता नाही. आपले काम उरकले की कॉर्टिसॉल मेंदूकडे परत जाऊन ‘आता पुरे’ असा निरोपही स्वतःच देते, आणि त्यामुळे ते निर्माण करणारा कारखाना मंदावतो.

आता ज्याने दीर्घकाळ भय सोसले त्याच्या रक्तात हे संप्रेरक उतू जात असले पाहिजे, अशीच कोणाही समंजस माणसाची अटकळ असणार, आणि संशोधकांचीही ती होती. १९८६ साली जॉन मेसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी इस्पितळात दाखल असलेल्या माजी सैनिकांच्या लघवीतील कॉर्टिसॉल मोजले, तेव्हा आघातोत्तर तणावाच्या रुग्णांत ते इतर कित्येक मनोरुग्णांपेक्षा कमी भरले. पुढे रेचल येहुदा यांनी नाझी छळछावण्यांतून वाचलेल्या वृद्धांतही तोच प्रकार दाखविला, आणि त्याची उपपत्ती अशी लावली, की या लोकांत ‘आता पुरे’ हा निरोप वाजवीपेक्षा अधिक जोराने ऐकला जातो. आवर घालणारे संप्रेरक लवकर आटते, आणि नॉरअ‍ॅड्रेनॅलिन मात्र मोकाट राहते. आठवण मेंदूत खोल रुजविण्याचे काम भयाच्या प्रसंगी मुख्यतः नॉरअ‍ॅड्रेनॅलिनच्या साहाय्याने होत असल्यामुळे, प्रसंग संपूनही तो संपल्याची वर्दी शरीराला पोचत नाही. ही उपपत्ती सर्वमान्य झालेली नाही. कित्येक पाहण्यांत फरक आढळला नाही, काहींत उलटा आढळला. तरी मला ती आजवरच्या उपपत्तींपैकी सर्वांत फलदायी वाटते.

किशोरवयाशी आलो, की चित्र अधिकच गुंतागुंतीचे होते. या वयात ही सारी यंत्रणाच नव्याने बसत असते. यौवनारंभाबरोबर कॉर्टिसॉलची पातळी चढते, भयाची दखल घेणारे अ‍ॅमिग्डाला हे केंद्र कामाला लागलेले असते, आणि त्याला लगाम घालणारा मेंदूचा पुढचा भाग पक्व होण्यास विशीचा मध्य उजाडतो. १९९९ मध्ये अमेरिकेत छळ सोसलेल्या लहान मुलांच्या लघवीत कॉर्टिसॉल अधिक आढळले. उलट, १९८८ च्या डिसेंबरात आर्मेनियात जो भीषण भूकंप होऊन पंचवीस हजारांहून अधिक माणसे मेली, त्यानंतर पाच वर्षांनी आर्मेन गोएन्जियन यांनी भूकंपकेंद्राजवळच्या आणि दूरच्या अशा दोन शहरांतील किशोरवयीन मुलांची लाळ तपासली, तेव्हा केंद्राजवळच्या मुलांत लक्षणे अधिक आणि कॉर्टिसॉल कमी असे निघाले. मग खरे कोणते? या वादाचा बराचसा उलगडा पेनेलोपी ट्रिकेट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१० साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासाने केला. लैंगिक अत्याचार सोसलेल्या मुलींचे कॉर्टिसॉल त्यांनी बालपणापासून तारुण्यापर्यंत अनेक वेळा मोजले. बालपणी ते इतर मुलींपेक्षा अधिक होते, किशोरवयात त्याची वाढ खुंटू लागली, आणि विशीत ते इतरांपेक्षा खाली गेले. एकाच मुलीचे मोजमाप दहाव्या वर्षी ‘अधिक’, पंधराव्या वर्षी ‘सर्वसाधारण’ आणि बाविसाव्या वर्षी ‘कमी’ भरू शकते, आणि दुःख मात्र तिन्ही वेळा तेच. ग्रीसमध्ये वाहन-अपघातातील मुलांवर झालेल्या अभ्यासातही असेच दिसले, की ज्यांना विकार टिकून राहिला त्यांचे सायंकाळचे कॉर्टिसॉल अपघातानंतर लगेच चढले, पुढे सहा महिन्यांत ते उतरले, आणि नॉरअ‍ॅड्रेनॅलिन चढतच राहिले.

महाराष्ट्राला या विषयाची पहिली मोठी जाणीव किल्लारीने करून दिली. ३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी, गणपती बोळवून दमूनभागून झोपलेल्या लातूर-उस्मानाबादच्या गावांवर दगडमातीची जाड भिंताडे आणि मातीचे जड माळवद कोसळले, जवळजवळ दहा हजार माणसे गेली, आणि बावन्न गावे नव्याने वसवावी लागली. ज्या छपराने उन्हापासून पिढ्यानपिढ्या राखले त्यानेच माणसे मारली, हा विश्वासघाताचा भाग त्या भूकंपात विशेष होता, आणि कित्येक कुटुंबे नवी घरे मिळूनही दीर्घकाळ त्यांत निजावयास धजली नाहीत. त्या भागात मनोविकारतज्ज्ञ जाऊन पोचले. पुण्याच्या मनोआरोग्य संस्थेच्या वतीने डॉ. मोहन आगाशे यांनी या कामात पुढाकार घेतला (महाराष्ट्र त्यांना ओळखतो तो घाशीराम कोतवालातील नाना म्हणून, ही गोष्ट वेगळी). आपत्तीनंतर मनाचीही विचारपूस करावी लागते, ही कल्पना आपल्या प्रशासनात शिरली ती बव्हंशी तेव्हापासून. शांतिलाल मुथ्था यांच्या भारतीय जैन संघटनेने त्या भागातील सुमारे बाराशे मुलांना शिक्षणासाठी पुण्यास आणले, आणि पुढे वाघोलीस त्यांचे वसतिगृह उभे राहिले. बाराशे मुलांना एकाच वेळी घर, जेवण, शाळा आणि झोपण्याची ठरलेली वेळ देणे, हा माझ्या मते त्या काळातील सर्वांत मोठा मानसोपचार होता.

नगर जिल्ह्याच्या वाट्याला भूकंप आलेला नाही. येथील आघात निराळ्या जातीचे. २०१४ च्या एप्रिलात जामखेड तालुक्यातील खर्डा येथे सतरा वर्षांच्या एका दलित विद्यार्थ्याची हत्या झाली. २०१६ च्या जुलैत कर्जत तालुक्यातील कोपर्डीत एका शाळकरी मुलीवर अत्याचार होऊन तिचा खून झाला, आणि त्यानंतर राज्यभर लाखोंचे मूक मोर्चे निघाले. योगायोग असा, की दोन्ही खटल्यांचे निकाल नगरच्या सत्र न्यायालयात २०१७ च्या नोव्हेंबर महिन्यातच लागले: खर्ड्याच्या खटल्यात साक्षीदार फितूर होऊन आरोपी सुटले, कोपर्डीच्या खटल्यात तिघांना फाशीची शिक्षा सुनावली गेली. या निकालांवर वृत्तपत्रांचे रकानेच्या रकाने खर्ची पडले, आणि ते योग्यच होते. पण मृतांच्या बाकावर शेजारी बसणारी, त्याच वाटेने सायकल नेणारी, त्याच वयाची जी मुले-मुली दोन्ही गावांत उरली, त्यांच्या झोपेची चौकशी कोणत्याही मोर्चाच्या मागणीपत्रात नव्हती. खटला सुटला काय किंवा शिक्षा झाली काय, निवाड्याची प्रत अधिवृक्क ग्रंथीस बजावता येत नाही.

याखेरीज ज्यांची कोठेच बातमी होत नाही अशा घटना पाथर्डी, शेवगाव, जामखेड या पट्ट्यात दर हंगामी घडत असतात. दिवाळी झाली की ऊसतोडीला कोयता बाहेर पडतो. नवरा-बायकोच्या जोडीस एक कोयता धरण्याची वहिवाट असल्यामुळे, उचल घेताना जोडी पुरी व्हावी म्हणून पोरीचे लग्न अठरा पूर्ण होण्याआधीच उरकले जाते. जी मुलगी फडावर जाते ती पाचटाच्या कोपीत निजते, जिला दार नसते. आणि उसात बिबट्या असतो, ही आता अकोल्यापासून कोपरगावापर्यंत दंतकथा राहिलेली नाही. जी मागे राहते ती म्हाताऱ्या आजीजवळ, किंवा असलेच तर हंगामी वसतिगृहात. अशा वसतिगृहाच्या बाईंना विचारावे. लोखंडी पेटी ओढून दारास लावल्याखेरीज न निजणारी एखादी मुलगी प्रत्येकीच्या पाहण्यात असते. दिवा मालवू नका म्हणते, दिवसा वर्गात पेंगते, गणिताच्या तासाला हाक मारली की दचकून उभी राहते आणि काय विचारले ते तिला ठाऊक नसते, ताटातील भाकरी अर्धी ठेवते, आणि ट्रॅक्टरची ट्रॉली रस्त्याने खडखडत गेली की तिचे तळहात भिजतात. त्याच जिल्ह्यातील शनिशिंगणापुराला घरांना दारे नसतात याचे परमुलखातील लोकांना मोठे नवल वाटते. त्यांना ही पेटी दाखवावयास हवी.

अशा मुलीची लाळ तपासून काय हाती लागेल? तोंडात कापसाचा बोळा दोन मिनिटे धरला की काम होते, खर्चही फारसा नाही, म्हणून ही तपासणी तालुक्याच्या ठिकाणी सुरू करावी अशी सूचना प्रस्तुत लेखनाच्या कर्त्यांनी चौथ्या प्रकरणात केली आहे, आणि येथे माझा त्यांच्याशी स्पष्ट मतभेद आहे. कॉर्टिसॉल झोपेतून उठल्यावर अर्ध्यापाऊण तासात शिगेला पोचते आणि मध्यरात्रीच्या सुमारास तळाला जाते. फडावर पहाटे तीनला उठून पाचट काढू लागणाऱ्या मुलीचा आणि सातला उठून शाळेत जाणाऱ्या मुलीचा सकाळी आठचा नमुना एकाच कागदावर लिहिणे म्हणजे मोजमापाचा विपर्यास होय. दम्याचा फवारा, गर्भनिरोधक गोळ्या, अपुरी झोप, कुपोषण यांपैकी कशानेही आकडा हलतो. केसांतील कॉर्टिसॉलवरून मागील काही महिन्यांचा अदमास घेण्याची रीत निघाली आहे, पण तीही संशोधनापुरती. गटागटांची तुलना करणाऱ्या शास्त्रज्ञास हे आकडे बहुमोल आहेत. एका मुलीचा दाखला म्हणून त्यांना काडीची किंमत नाही. आणि आपल्याकडे कागदाचे माहात्म्य असे, की एकदा प्रयोगशाळेचा शिक्का उमटला म्हणजे ‘सर्वसाधारण’ हा शेरा बचावपक्षाच्या वकिलाच्या फाइलीत जाऊन बसेल, शाळेच्या दप्तरात जाईल, आणि घरात ‘बघा, रिपोर्ट नॉर्मल आहे, नाटकंच करते’ या वाक्याला बळकटी आणील. वर सांगितलेल्या अभ्यासांचा अर्थ नेमका उलट आहे: सर्वसाधारण किंवा कमी आकडा हा दुःखाच्या अभावाचा पुरावा होऊच शकत नाही.

साक्षीच्या बाबतीतही या ज्ञानाचा उपयोग याच रीतीने व्हावा. लैंगिक अपराधांपासून बालकांचे संरक्षण करणारा २०१२ चा कायदा, ज्यास बोलीत सारे पॉक्सो म्हणतात, सांगतो की मुलीचा जबाब तिच्या घरी किंवा ती म्हणेल तेथे, शक्यतो फौजदाराच्या हुद्द्याखाली नसलेल्या स्त्री अधिकाऱ्याने, गणवेश न घालता नोंदवावा. साक्षीच्या वेळी आरोपी तिच्या नजरेस पडू नये. आणि न्यायालयाने दखल घेतल्यापासून तीस दिवसांत तिची साक्ष पुरी व्हावी. कायदा शहाणा आहे. पण तारखांवर तारखा पडतात, आणि पोलीस, डॉक्टर, दंडाधिकारी व न्यायालय अशा चार ठिकाणी तीच हकीकत सांगताना जी तफावत पडते, तिच्यावर उलटतपासणीचा सारा डोलारा उभा राहतो. भयाच्या क्षणी नॉरअ‍ॅड्रेनॅलिनच्या जोरावर एखादा वास, एखाद्या शर्टाचा रंग, पत्र्यावरील पावसाचा आवाज अमिटपणे कोरला जातो. परंतु आधी काय आणि नंतर काय याची संगती लावणारे हिप्पोकॅम्पसचे काम त्याच क्षणी विस्कळीत होऊ शकते. म्हणून शर्टाचा रंग अचूक सांगणारी मुलगी वार चुकते. यावरून तिचा प्रत्येक शब्द प्रमाण मानावा असे कोणी म्हणत नाही; केवळ वार चुकला एवढ्यावरून तिला खोटी ठरवू नये, इतकेच.

उपायांविषयी फार लिहीत नाही, कारण पुढील प्रकरणांत ते सविस्तर आले आहे. धसका बसल्यानंतरच्या पहिल्या महिन्यात झोपेची गोळी देण्याची आपल्याकडील सवय मात्र सोडली पाहिजे. त्या वर्गातील औषधे या कामी देऊ नयेत, आणि मुलांना नैराश्यावरील औषधेही यासाठी देऊ नयेत, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०१३ मध्येच सुचविले आहे. ज्याचा गुण वारंवार पडताळून पाहिला गेला तो उपचार बोलण्याचाच आहे: प्रशिक्षित व्यक्तीच्या सोबतीने, सुरक्षित जागी, ठरलेल्या बैठकांत, त्या आठवणीकडे थोडे थोडे पाहण्यास शिकणे, आणि घरच्यांनाही त्यात सामील करून घेणे. एवढे प्रशिक्षित लोक आणावयाचे कोठून, हा प्रश्न ज्यांस पडेल त्यांनी याच जिल्ह्याकडे पाहावे. १९७० साली डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी जामखेडला जे काम आरंभिले, त्यात खेड्यांतील अक्षरशत्रू, बहुधा दलित वा परित्यक्ता अशा स्त्रियांनी बाळंतपणापासून कुष्ठरोगापर्यंतचे काम शिकून घेतले, आणि १९७९ मध्ये मॅगसेसे पुरस्काराने त्याची दखल घेतली गेली. पुढे तेथे किशोरी मुलींचे गटही बांधले गेले. नगर शहरात गिरीश कुलकर्णी यांनी १९८९ मध्ये स्थापिलेल्या स्नेहालयाने लालबत्ती भागातील मुलांपासून सोडवून आणलेल्या अल्पवयीन मुलींपर्यंत अनेकांना घर दिले. गोव्यातील संगात या संस्थेने तर पदवीधारी मानसतज्ज्ञ नसलेल्या समुपदेशकांकडूनही मनोविकारांवर गुण येतो, हे रीतसर चाचण्यांनी सिद्ध केले आहे. तेव्हा माणसांची वाण आहे ही सबब निदान नगर जिल्ह्याने सांगू नये.

शासनाची २०१३ पासूनची मनोधैर्य योजना अत्याचारपीडित स्त्रिया व बालके यांना अर्थसाहाय्याबरोबर समुपदेशनही देऊ करते. प्रत्यक्षात मंजुरीची चर्चा रकमेचीच होते आणि समुपदेशनाचे कलम मागे राहते, ही माझी तक्रार मी येथे नोंदवून ठेवतो.

वाचकांना एक व्यावहारिक सूचना करावीशी वाटते. ज्यांना रसायनशास्त्राचा कंटाळा आहे त्यांनी दुसरे व तिसरे प्रकरण खुशाल ओलांडावे. माध्यमिक शाळेच्या शिक्षकांनी आणि वसतिगृहाच्या बाईंनी सहावे आधी वाचावे. त्यात मुलीला ‘काय झालं ते सांग’ असे न विचारताही करता येण्याजोग्या गोष्टी दिल्या आहेत: तिला दारातून आत-बाहेर कोण येते ते दिसेल अशा बाकावर बसविणे, पाठीमागून खांद्यावर हात न ठेवणे, तास बदलताना आधी सूचना देणे, परीक्षेत वेळ वाढवून देणे, रात्री एक दिवा राहू देणे, आणि हजेरीपटात ती कोणत्या वारी व कोणत्या तारखांना गैरहजर राहते हे महिन्याच्या अखेरीस एकदा शांतपणे पाहणे. बालकांसाठी १०९८ आणि मानसिक मदतीसाठी १४४१६ हे दूरध्वनी क्रमांक शाळेच्या फळ्यावर लिहिण्यास मुख्याध्यापकांस कोणाच्याही मंजुरीची गरज नाही. किशोरवयीनांसाठीची मैत्री क्लिनिके सरकारी रुग्णालयांत चालतात, त्यांपैकी आपल्या जवळचे कोणते आणि ते कोणत्या वारी उघडे असते, हे मात्र प्रत्येक शाळेने स्वतः जाऊन पाहून यावे.